नववा दान्जूरो आणि काबुकीचा ‘जिवंत इतिहास’

१८७८ सालच्या जून महिन्यात तोक्यो शहरातील शिन्तोमी-झा या नाट्यगृहाची नवी वास्तू समारंभपूर्वक खुली झाली. रंगमंदिरात गॅसचे दिवे लावले होते. लष्करी वाद्यवृंदाचे वादन झाले. निमंत्रितांत राज्यकारभारातील थोर अधिकारी आणि परदेशी पाहुणे होते. त्या दिवशी रंगमंचावर जे नट उभे राहिले त्यांच्या अंगावर परंपरागत वेष नसून पाश्चात्त्य धर्तीचा काळा समारंभी पोशाख होता. त्यांच्या वतीने इचिकावा दान्जूरो नववा याने एक भाषण वाचून दाखविले. नाट्यकलेत शिरलेला हीणपणा काढून टाकावा आणि नव्या राजवटीस शोभेल असे रूप तिला द्यावे, असा त्या भाषणाचा आशय होता. ते भाषण फुकुची ओची या पत्रकाराने लिहून दिले होते. तथापि त्यातील संकल्प वाचणाऱ्याचा स्वतःचा होता.

ज्या घराण्याचा हा नट, त्या घराण्याची कीर्ती मात्र नेमकी याच्या उलट गोष्टीवर उभी होती. चेहऱ्यावर लाल-काळ्या रंगांचे पट्टे, मनुष्याच्या अंगावर कधी असू शकणार नाहीत अशी अवाढव्य वस्त्रे, आणि नाट्यगृहाचे छत हलवील असा आवाज, हे इचिकावा घराण्याचे धन होते. त्याचा वारसदार काळा कोट घालून सभ्यतेची प्रतिज्ञा उच्चारतो, या विरोधातच नवव्या दान्जूरोचे सारे चरित्र सामावलेले आहे. नटाला समाजात मान मिळावा म्हणून त्याने इतिहासाच्या सत्याचा आश्रय केला. प्रेक्षकांनी त्या सत्याकडे पाठ फिरविली. आणि तो आपल्या पूर्वजांच्या खेळांकडे परतला. या परतण्याला केवळ पराभव म्हणता येईल का, हा प्रश्न जपानी रंगभूमीच्या इतिहासाइतकाच नाट्यकलेच्या तत्त्वाशीही संबंधित आहे.

काबुकीचा उगम ओकुनी नावाच्या नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योतो येथे केलेल्या नृत्यांत सांगितला जातो. १६२९ मध्ये स्त्रियांना आणि १६५२ मध्ये किशोरवयीन मुलांना रंगमंचावर बंदी झाली, आणि प्रौढ पुरुषांची रंगभूमी म्हणून काबुकी वाढली. पहिला दान्जूरो (१६६०–१७०४) हा एदो शहरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील नट. ‘अरागोतो’ ही उग्र, वीररसप्रधान शैली त्याच्या नावाशी जोडली गेली आहे. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही नाट्यधर्मीची पराकाष्ठा होय. येथे क्रोध हा माणसाचा क्रोध राहत नाही. तो एखाद्या देवतेच्या कोपासारखा प्रकट होतो. उत्कट क्षणी नट आपला देह आणि दृष्टी ज्या मुद्रेत गोठवून धरतो त्या ‘मिए’ला तर प्रेक्षक मूर्तीप्रमाणे पाहत. पहिल्या दान्जूरोचा अंत रंगमंदिरातच झाला. एका सहकारी नटाने त्याला भोसकून ठार केले. तरी नाव उरले, आणि ते एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ लागले.

जपानी रंगभूमीवर नाव हे केवळ संबोधन नसते. नाव धारण करणे म्हणजे त्या नावाने पूर्वी केलेल्या भूमिका, त्यांचे हावभाव आणि त्यांच्याविषयी प्रेक्षकांना असलेल्या अपेक्षा यांचा भार उचलणे होय. दान्जूरो हे नाव या सर्व नावांत अग्रगण्य मानले गेले. परंतु ते धारण करणाऱ्याची सामाजिक पायरी मात्र खालचीच होती. नटांना ‘कावारामोनो’, म्हणजे नदीकाठच्या वाळवंटात राहणारे लोक, असे हिणविले जाई. यशस्वी नट वर्षाला हजार सुवर्णनाणी मिळवी आणि शहरातील पोशाखाची रीत ठरवी. पण त्याने कोठे राहावे आणि किती थाटात राहावे हे राज्यकर्ते ठरवीत.

या विसंगतीचा चटका नवव्या दान्जूरोला बालपणीच बसला. त्याचा जन्म १८३८ मधला. सातव्या दान्जूरोचा तो पाचवा मुलगा. हा सातवा दान्जूरो मोठा कर्तबगार नट होता. घराण्याच्या अठरा निवडक खेळांची मालिका त्याने निश्चित केली, आणि १८४० मध्ये ‘कान्जिन्चो’ हा खेळ नोह नाट्यावरून काबुकीत आणला. नोह ही सामुराई वर्गाच्या आश्रयाखालची कला. तिच्यातील कथावस्तू आणि पाइन वृक्षाचे चित्र असलेली तिची पार्श्वभूमी नदीकाठच्या नटाने उचलावी हे धाडसच होते. पुढे दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, काटकसरीच्या राजाज्ञांचा कडक अंमल सुरू झाला. नाट्यगृहांना शहराच्या कडेला आसाकुसा भागात हलविण्यात आले, आणि ऐश्वर्याचे प्रदर्शन केल्याच्या आरोपावरून सातव्या दान्जूरोला एदोतून हद्दपार केले गेले. मुलगा तेव्हा अगदी लहान होता.

तसा तो वडिलांच्या घरी वाढलाच नाही. जन्मानंतर लवकरच कावारासाकी गोन्नोसुके या नाट्यगृहाच्या चालकाने त्याला दत्तक घेतले. नृत्य, संगीत, लेखन, चहाविधी यांचे शिक्षण त्याला अत्यंत कठोरपणे दिले गेले. दान्जूरो हे नाव तेव्हा त्याच्या वडील भावाकडे होते. आठवा दान्जूरो हा रूपवान आणि लोकप्रिय नट. १८५४ मध्ये ओसाका येथे, ऐन तारुण्यात, त्याने आत्महत्या केली. तिचे कारण आजवर उलगडलेले नाही. १८५९ मध्ये वडील गेले. १८६८ मध्ये दत्तक पित्याचा घरात शिरलेल्या दरोडेखोरांकडून खून झाला. त्याच वर्षी शोगुनांची सत्ता संपून मेइजी राजवट सुरू झाली आणि एदोचे तोक्यो झाले. दान्जूरो हे नाव वीस वर्षे रिकामे राहिले होते. १८७४ मध्ये त्याने ते धारण केले.

नव्या राजवटीला रंगभूमी नकोशी नव्हती. तिला ती सुधारलेली हवी होती. १८७२ मध्ये तोक्योच्या प्रशासनाने नाट्यगृहचालक आणि नाटककार यांना बोलावून सांगितले की, यापुढे प्रतिष्ठित लोक आणि परदेशी पाहुणे नाटकास येतील. तरी खेळ त्यांच्यासमोर करण्याजोगे असावेत. दान्जूरोच्या दृष्टीने या सूचनेत हुकमाइतकीच संधीही होती. जी सत्ता नटाला वाळवंटात लोटत होती तिच्याच वारसदारांनी त्याला आता शिष्ट समाजात येण्याचा मार्ग दाखविला होता.

हा मार्ग इतिहासाचा का असावा, हे समजण्यासाठी आधीच्या काळातील एक निर्बंध ध्यानात घेतला पाहिजे. शोगुनांच्या राजवटीत अलीकडच्या काळातील सामुराई घराण्यांच्या घटना रंगमंचावर खऱ्या नावांनी दाखविण्यास मनाई होती. नाटककार घटना कित्येक शतके मागे नेत आणि पात्रांची नावे बदलीत. सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुराईंची कथा १७४८ च्या प्रख्यात ‘चूशिन्गुरा’ नाटकात चौदाव्या शतकातील पात्रांच्या नावाखाली सांगितली गेली, ती याच कारणाने. प्रेक्षक खूण ओळखीत. रंगभूमी मात्र सोंग वठवीत राही. १८६८ नंतर ही बंधने गळून पडली. माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची मुभा रंगभूमीला प्रथमच मिळाली. दान्जूरोच्या इतिहासप्रेमाची आज कोणी थट्टा केली तर त्याने हे विसरू नये की, त्या काळात ऐतिहासिक सत्य हे एक प्रकारचे स्वातंत्र्य होते.

ते स्वातंत्र्य दान्जूरोने अक्षरशः उपभोगले. योद्ध्याचे चिलखत त्या त्या शतकातील असले पाहिजे, दरबारातील उठणे-बसणे ग्रंथाधारे ठरविले पाहिजे, रंगाचे पट्टे पुसून चेहरा माणसाचा दिसला पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. १८८३ मध्ये त्याच्याभोवती प्राचीन चालीरीतींचा शोध घेणारे विद्वान व चित्रकार यांचे एक मंडळही स्थापन झाले. संवादाची चालही त्याने बदलली. ज्येष्ठ नाटककार कावाताके मोकुआमी (१८१६–१८९३) याची लेखणी सात आणि पाच अक्षरांच्या लयीत वाहत असे. ती लय कानावर पडावी म्हणूनच कित्येक लोक नाटकास येत. दान्जूरोला मात्र साधे, बोलल्यासारखे गद्य हवे होते. मोकुआमीने त्याच्यासाठी अशी नाटके लिहिली. पण त्यात त्याचे मन फारसे रमले नाही.

अभिनयातही दान्जूरोने असाच संयम आणला. भाव चेहऱ्यावर आणि हातवाऱ्यांत उधळण्याऐवजी तो आत धरून ठेवावा, आणि नुसत्या उभे राहण्यातून तो प्रेक्षकांस जाणवावा, या पद्धतीला ‘हारागेई’, म्हणजे ‘पोटातील कला’, असे म्हणतात. जपानी भाषेत अंतःकरणाचे स्थान पोटात मानलेले असल्यामुळे हा शब्द आला आहे. आपल्या शास्त्राच्या भाषेत तो आंगिक आणि आहार्य यांचा संकोच करून सात्त्विक अभिनयावर दिलेला भर होता. पुढे बसलेल्या जाणत्याला तो थरारून सोडी. मागे बसलेल्याला काही घडतच नाही असे वाटे.

कानागाकी रोबुन या विनोदी लेखकाने १८७८ मध्ये या प्रकाराला ‘कात्सुरेकी’, म्हणजे ‘जिवंत इतिहास’, असे उपहासाने म्हटले, आणि उपहासाचे हे नाव कायमचे चिकटले. १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट जपानला आले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ शिन्तोमी-झा येथे प्राचीन युद्धावरील ऐतिहासिक नाटक करण्यात आले आणि दान्जूरोने त्यात प्रमुख भूमिका केली. अधिकारी संतुष्ट झाले. ज्यांच्या पैशावर नाट्यगृहे चालत, ते तोक्योचे व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या घरच्या बायका मात्र कंटाळल्या. त्यांना अज्ञानी म्हणून या प्रश्नाचा निकाल लावता येणार नाही. चिलखत खरे असले म्हणून योद्धा खरा ठरत नाही. इतिहासाचे सत्य पुराव्यावर ठरते, तर रंगभूमीचे सत्य प्रतीतीवर. आणि दान्जूरोच्या या नाटकांत पहिल्याची तरतूद करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले. त्यांतील बहुतेक नाटके त्याच्यामागे टिकली नाहीत.

जी टिकली त्यांत मोकुआमीचे १८८४ मधील ‘ताकातोकी’ हे लक्षणीय आहे. चौदाव्या शतकातील मदांध राज्यकर्ता होजो ताकातोकी याला तेंगू नावाचे लांब नाकाचे वनपिशाच्च नर्तकांच्या रूपाने भुलवितात आणि नाचवून नाचवून हैराण करतात. वेषभूषा ऐतिहासिक, पण प्रसंग अद्भुत. संवाद गद्य, पण त्याचा परमोत्कर्ष नृत्यात. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी यांचा येथे जो मेळ बसला तो दान्जूरोच्या सिद्धान्तात नव्हता. त्याच्या अंगात मुरलेल्या नृत्यशिक्षणातून तो आपोआप आला.

१८८६ मध्ये सुएमात्सु केन्चो याच्या पुढाकाराने नाट्यसुधारणा मंडळ स्थापन झाले. युरोपची रंगभूमी पाहून आलेल्या या मंडळींना प्रेक्षागारातून रंगमंचाकडे जाणारी ‘हानामिची’ ही वाट नको होती, आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुषही नको होते. त्यांच्याच प्रयत्नांच्या वातावरणात २६ एप्रिल १८८७ रोजी परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु याच्या निवासस्थानी उभारलेल्या रंगमंचावर सम्राट मेइजी यांनी काबुकी पाहिली. नदीकाठचा म्हणून हिणवलेला नट सम्राटासमोर उभा राहिला. दान्जूरोने ज्या मानासाठी खटपट केली होती तो त्या दिवशी मिळाला. कार्यक्रमात इतरही खेळ होते. तथापि त्या दिवसाची आठवण राहिली ती ‘कान्जिन्चो’मुळे, म्हणजे त्याच्या हद्दपार झालेल्या बापाच्या नाटकामुळे. सुधारकांनी आणलेल्या प्रतिष्ठेच्या दारातून आत गेले ते परंपरेचेच नाटक.

या नाटकाची कथा थोडक्यात अशी. भावाच्या कोपामुळे पळून जाणारा सेनापती योशित्सुने आणि त्याचे साथीदार यात्रेकरू संन्याशांच्या वेषात आताका येथील नाक्यावर येतात. आपण मंदिरासाठी वर्गणी गोळा करीत आहोत, असे सेवक बेन्केई सांगतो. नाक्याचा अधिकारी तोगाशी वर्गणीचे आवाहनपत्र वाचण्यास सांगतो, तेव्हा बेन्केई कोरी गुंडाळी उघडून जणू सारे लिहिले आहे अशा तऱ्हेने ते वाचून दाखवितो. हमालाच्या वेषातील स्वामीवर संशय येताच तो त्याला काठीने मारतो. सेवकाने स्वामीवर हात उगारावा हे अघटित पाहून तोगाशी सत्य ओळखतो, आणि ओळखूनही त्यांना जाऊ देतो. नवव्या दान्जूरोने बेन्केईची ही भूमिका घासून-पुसून अशी सिद्ध केली की, पुढच्या नटांना तीच प्रमाण ठरली. अरागोतोचे बळ त्याने तिच्यात राखले. पण मार देताना बेन्केईच्या मनात चाललेली कालवाकालव, ती ‘पोटातील कला’, त्याने तिच्या तळाशी ठेवली. ऐतिहासिक नाटकांत जो संयम रुक्ष वाटला, तोच येथे नाट्यधर्मीच्या भक्कम चौकटीत आल्यामुळे जिवंत झाला. ‘कात्सुरेकी’च्या प्रयोगाचे खरे फळ ऐतिहासिक नाटकांत शोधू नये, ते जुन्या भूमिकांच्या या नव्या अंतरंगात शोधावे.

१८८९ मध्ये काबुकी-झा हे भव्य नाट्यगृह उघडले. दान्जूरो, ओनोए किकुगोरो पाचवा आणि इचिकावा सादान्जी पहिला या तिघांच्या नावांवरून त्या काळाला ‘दान-किकु-सा’चा काळ म्हणतात. १८९३ मध्ये दान्जूरोने ‘कागामीजिशी’ हे नृत्यनाट्य प्रथम केले. त्यात एकाच नटाने आधी लाजरी दासी आणि मग सिंहाचे रूप घ्यावयाचे असते. त्याच्यासह फुलपाखरांच्या भूमिकांत त्याच्या दोन मुली उतरल्या. शतकानुशतके स्त्रियांना बंद असलेल्या रंगभूमीवर हे पाऊल लहान नव्हते.

१८९४ मध्ये चीन-जपान युद्ध सुरू झाले आणि काबुकीची कसोटी लागली. कावाकामी ओतोजिरो या काबुकीबाहेरच्या नटाने युद्धावरील नाटक तातडीने रंगमंचावर आणून गर्दी खेचली. काबुकी-झा येथेही दान्जूरो आणि किकुगोरो यांनी त्याच विषयावर नाटक केले; ते पडले. सैनिकाचा गणवेश घातलेल्या शरीरातून जुन्या तालमीच्या चाली लपत नव्हत्या. पुढील वर्षी कावाकामीची मंडळी खुद्द काबुकी-झामध्ये खेळ करून गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दान्जूरो अवाढव्य बाह्यांचा वेष आणि चेहऱ्यावर लाल पट्टे घेऊन ‘शिबाराकु’मध्ये उतरला, १८९६ मध्ये त्याने ‘सुकेरोकु’ केले. दोन्ही खेळ घराण्याच्या अठरांतील. सतरा वर्षांपूर्वी काळा कोट घालून जी प्रतिज्ञा केली होती तिचे हे उत्तर म्हणावे लागेल.

या क्षणाचे महत्त्व एका नटापुरते नाही. तोवर काबुकी ही चालू काळाची रंगभूमी होती. शहरात काल घडलेली गोष्ट आज तिच्यात येई. यापुढे वर्तमानकाळ दुसऱ्या नाट्यसंप्रदायांकडे गेला आणि काबुकी अभिजात झाली. नटाला मान मिळाला, पण त्याची किंमत म्हणून काबुकीचा समकालीनपणा गेला. नव्या ऐतिहासिक नाटकाची वाटही साहित्यिकाकडे गेली. त्सुबोउची शोयो याचे १८९४–९५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘किरी हितोहा’ हे नाटक रंगभूमीवर आले ते १९०४ मध्ये, दान्जूरोच्या मृत्यूनंतर. इतिहासातील पोशाखाऐवजी इतिहासातील माणूस शोधण्याचे जे काम ‘कात्सुरेकी’ला साधले नाही, ते तेथे सुरू झाले.

१८९९ च्या नोव्हेंबरात काबुकी-झाच्या मागील मोकळ्या जागेत शिबाता त्सुनेकिची याने दान्जूरो आणि किकुगोरो यांच्या ‘मोमिजीगारी’ या नृत्यनाट्याचे चलच्चित्रण केले. दान्जूरोला हे यंत्र आवडत नव्हते. आपल्या हयातीत चित्रपट लोकांना दाखवू नये, अशी त्याची अट होती. त्या दिवशी जोराचा वारा होता. साठी गाठलेला हा नट राजकन्येच्या वेषात नाचत असता पंखा हातातून उडाला. पुन्हा चित्रण करणे शक्य नव्हते, म्हणून तो प्रसंग तसाच राहिला. १९०३ मध्ये आजारामुळे त्याला ओसाका येथे जाता आले नाही, तेव्हा त्याच्याऐवजी हा चित्रपट दाखविण्यात आला. आयुष्यभर इतिहास रंगमंचावर ‘जिवंत’ करू पाहणाऱ्या नटाचा खरा जिवंत इतिहास असा त्या काही मिनिटांच्या पट्टीत, उडालेल्या पंख्यासह, राहून गेला. २००९ मध्ये जपान सरकारने त्या पट्टीला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. चित्रपटाला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

१९०३ च्या फेब्रुवारीत किकुगोरो गेला. १३ सप्टेंबर रोजी चिगासाकी येथील निवासस्थानी दान्जूरोचा अंत झाला. पुढील वर्षी सादान्जीही गेला. दान्जूरोला मुलगा नव्हता. बँकेत नोकरी करणारा त्याचा जावई उशिरा नट झाला, आणि घराण्याचे विस्मृत खेळ त्याने निष्ठेने पुन्हा रंगमंचावर आणले. पण जिवंतपणी त्याने दान्जूरो हे नाव घेतले नाही. १९५६ मध्ये मृत्यूनंतर त्याला दहावा म्हणण्यात आले. बेन्केईची भूमिका मात्र नवव्याच्या शिष्याकडे गेली. मात्सुमोतो कोशिरो सातवा याने ती सोळाशेहून अधिक वेळा केली, आणि त्याचाच मुलगा इचिकावा घराण्यात दत्तक जाऊन १९६२ मध्ये अकरावा दान्जूरो झाला. एकोणसाठ वर्षे रिकामे राहिलेले नाव भरले ते रक्ताच्या वारसाने नव्हे. ते शिष्याकडून आलेल्या विद्येने भरले. आज तेरावा दान्जूरो ते नाव चालवीत आहे. त्याने ते २०२२ मध्ये धारण केले.

आसाकुसा येथे ‘शिबाराकु’च्या वेषातील नवव्या दान्जूरोचा पुतळा १९१९ मध्ये उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, धातूसाठी तो वितळविला गेला, आणि १९८६ मध्ये पुन्हा उभा राहिला. पुतळा घडविणाऱ्यांनी ना चिलखतातील ऐतिहासिक योद्धा निवडला, ना काळ्या कोटातील सुधारक; लाल पट्ट्यांचा तो जुना वीरच त्यांना खरा दान्जूरो वाटला. लोकांचा हा निर्णय बरोबर आहे, पण अपुरा आहे. ज्या नटाने ते पट्टे एकदा पुसून पाहिले होते, त्याने ते पुन्हा चढविले तेव्हा त्यांच्याखाली एका माणसाचा चेहरा आला होता. आणि काबुकीतील बेन्केई आजही नाक्यावर स्वामीला मारण्यासाठी काठी उगारतो, तेव्हा त्याच्या हाताच्या क्षणभर थांबण्यात तो चेहरा दिसतो.